सातवीचं गणित आणि दहा किलो कांदा : प्रकल्प नोंदी

शाळा जिल्हा परिषदेची, चांदवड तालुका, सातवीचा पट २३. बहुतेक घरं कांदा-मक्याची, दोन-तीन घरी पोल्ट्री. वर्षभर काय करून पाहिलं ते तारखेप्रमाणे लिहून ठेवायचं असं यंदा ठरवलंय, जे जमलं ते आणि जे फसलं तेही. मुलांची नावं कुठेही लिहिणार नाही.

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही असं मी घरूनच ठरवून आले होते. मुलांना विचारलं, सुट्टीत काय केलं? निम्म्या वर्गाने कांदे काढले, भरले, साठवणीच्या कांदाचाळीत टाकले, एकजण वडिलांबरोबर रोज मार्केटला जायचा, ट्रॅक्टरवर बसून लिलाव बघायचा. म्हटलं मार्केटमध्ये हिशोब कोण करतं? तर म्हणे मीच करतो, पप्पांच्या आधी होतो माझा. हाच मुलगा सहावीत गणिताच्या तासाला खाली मान घालून बसायचा, मला चांगलं आठवतंय.

जाताना सांगितलं, घरात कांद्याची जुनी हिशोबपट्टी असेल तर घेऊन या, घरच्यांना विचारून आणि नावावर कागद चिकटवून.

१८ जून, बुधवार

अकरा पट्ट्या आल्या. काही पार पिवळ्या पडलेल्या, एक तर आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतली. वजन, भाव, एकूण रक्कम, मग खाली हमाली, तोलाई, वाराई वजा, आणि शेवटी हातात आलेली रक्कम. पुस्तकातल्या चार प्रकरणांचं गणित एवढ्याशा कागदावर आहे.

एका पट्टीत वजन १८ क्विंटल ४० किलो, भाव ११२५. एकूण रकमेवर बोट ठेवलं आणि त्या मार्केटवाल्या मुलाला म्हटलं सांग. त्याने छताकडे बघितलं आणि म्हणाला, "अठरा क्विंटलचे अठरा हजार, वरच्या सव्वाशेचे सव्वादोन हजार, झाले वीस हजार अडीचशे, चाळीस किलोचे साडेचारशे, वीस हजार सातशे." मोजून दहा-बारा सेकंद लागले असतील. मग म्हटलं आता हेच वहीत कर. त्याने १८.४० गुणिले ११२५ असं उभं मांडलं, हातचे घेतले, खूप खाडाखोड केली, दशांशचिन्ह चुकलं आणि उत्तर आलं २,०७,०००.

मी विचारलं, यातलं बरोबर कुठलं? तो जरा वेळ दोन्हीकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "वहीतलं." का रे? "शाळेत वहीतलं बरोबर राहतं ना."

मला पुढे काही बोलताच आलं नाही. अठरा क्विंटल कांद्याचे दोन लाख येत नाहीत हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, पण शाळेच्या दारात आल्यावर ते कळणं बाहेर ठेवायचं असतं हे आपणच त्याला सहा वर्षं शिकवलंय. मीही त्यात आहे, चौथीपासून मीच यांना गणित शिकवतेय.

रात्री आठवलं, याच वर्षी फेब्रुवारीत नेचर नियतकालिकात एक अभ्यास आला होता, अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतरांचा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं, गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशोब तोंडी बरोबर करतात पण पुस्तकी मांडणीतलं साधं गणित समोर आलं की अडतात, आणि उलट शाळेत चांगली असलेली मुलं बाजारातल्या हिशोबात अडतात. म्हणजे दोन्ही बाजूंची मुलं अर्धीच शिकतायत. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांबद्दल १९८५ मध्ये असंच लिहिलं गेलं होतं, ते डीएडला असताना कुणीतरी सांगितलेलं, तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. आज तेच डोळ्यासमोर बाकावर बसलेलं दिसलं.

तर यंदाचं काम एकच. तोंडातलं गणित आणि वहीतलं गणित एकमेकांना भेटवायचं.

२० जून, शुक्रवार

नवीन नियम. कुठलंही उदाहरण असो, आधी अंदाज तोंडी बोलायचा, मग वहीत करायचं, आणि दोन्ही जुळले नाहीत तर खोडायचं नाही, दोन्ही ठेवून कुठे फाटलं ते शोधायचं. खोडरबर गणिताच्या तासाला दप्तरातच.

मुलाचं १८ तारखेचं तोंडी गणित फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. १८ × १०००, १८ × १२५, ०.४ × ११२५. मग त्याचंच उभं गुणाकाराचं गणित शेजारी. मुलांनीच शोधलं की वहीतही हेच तुकडे पडतात, फक्त तोंडी करणारा मोठ्या तुकड्याकडून सुरू करतो आणि वही एककाकडून. "म्हणजे दोघं एकाच गावाला चाललेत, रस्ता उलटा," असं एक मुलगी म्हणाली. ती गेल्या वर्षभरात वर्गात चार वाक्यं बोलली नसेल.

आणि दहा किलो कांदा आणला. जाळीच्या गोणीत भरून व्हरांड्यात टांगला, किराणा दुकानातून डिजिटल काटा मागून मुलांसमोर वजन केलं, बरोबर १०.००० किलो. दर महिन्याच्या सुरुवातीला वजन करायचं. चाळीत किती घट येते याच्यावर गावात रोज भांडणं चालतात, आपण मोजून बघू.

१ जुलै, मंगळवार

कांदा ९.५ किलो. घट ५ टक्के, हे सगळ्यांना आलं.

आज दुसरीच गोष्ट लक्षात आली. मी "चौऱ्याहत्तर" म्हटलं आणि तीन जणांनी ४७ लिहिलं, सातवीत! त्यांना चूक सांगितली की लगेच दुरुस्त करतात पण परत होते. आपल्या मराठीत चार आधी बोलतो, सत्तर नंतर, आणि लिहिताना सात आधी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक", "सत्तर चार" असं वाचायची पद्धत जोडीला दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, टीव्हीवर, विधानसभेत, सगळीकडे चेष्टा. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून दुसरी वाट दिलीय. मीसुद्धा तेव्हा स्टाफरूममध्ये नाक मुरडलं होतं. आज या तिघांकडे बघून वाटतं बाई बरोबर होत्या. या तिघांना आता "सत्तर आणि चार, चौऱ्याहत्तर" असं जोडीने बोलायला लावतेय, ऐकणाऱ्याने हसायचं नाही.

४ जुलै, शुक्रवार

आजचा तास मनापासून आवडला.

मुलांना १ ते ९ चे पाढे चौकटीत भरायला सांगितले, ९ आडव्या ९ उभ्या ओळी, ८१ खाने. मग म्हटलं सगळ्या खान्यांची बेरीज करा. आरडाओरडा झाला, एवढं कोण करणार. पाच मिनिटं मी काही बोलले नाही. मग एका ग्रुपने पहिली ओळ केली, ४५. दुसरी ९०. तिसरी करायच्या आधीच एकजण ओरडला, पुढची एकशे पस्तीस, पंचेचाळीसचा पाढा हाये हा! म्हणजे ४५ एकदा, दोनदा, तीनदा असं नऊदा, आणि १ ते ९ ची बेरीज पुन्हा ४५च. म्हणजे ४५ गुणिले ४५.

करून बघा म्हटलं. २०२५.

वर्ग शांत आणि मग एकदम गलका, कारण फळ्याच्या कोपऱ्यात रोज तारीख लिहितो तिथे २०२५ लिहिलेलंच होतं. मी काही सांगितलं नव्हतं. त्यातही पुढे आहे. २०२५ चे दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज ४५, आणि ४५चा वर्ग पुन्हा २०२५. ४५सारख्या अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. असं वर्ष पुढे कधी येणार? पोरं लागली कामाला, अर्धा तास गेला, ५५ सापडला, ५५चा वर्ग ३०२५, तीस आणि पंचवीस पंचावन्न. हजार वर्षांनी! "म्हणजे आपण लकी," असं मागून आलं.

मग कापरेकरांबद्दल सांगितलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, पण १९३० ते १९६२ नोकरी आपल्याच जिल्ह्यात, देवळालीच्या शाळेत मास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही, आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी त्यांना मनावर घेतलं नाही, आणि १९७५ मध्ये गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिलं तेव्हा जगाला कळले. आपल्याकडून देवळाली म्हणजे दीड-दोन तास. मुलांना हे फार लागलं, गणित शोधणारा माणूस देवळालीच्या शाळेतला मास्तर असू शकतो हे.

घरी एकच काम दिलं. २०२५ चे अंक मोठ्याकडून छोट्याकडे लिहा, मग उलटे लिहा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. थांबता येईल तिथे थांबा.

७ जुलै, सोमवार

काल एकादशी झाली, मुलांचे आवाज बसलेलेच होते पण वजाबाक्या करून आलेत. ५२२० − ०२२५ = ४९९५, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४, आणि ६१७४ चं पुन्हा ६१७४च येत राहतं. एकाने आपल्या गाडीचा नंबर घेतला, एकीने आईच्या मोबाईलचे शेवटचे चार अंक, सगळे ६१७४ला येऊन पडतात, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. फक्त चारही अंक सारखे नकोत. हातच्याची वजाबाकी मी यांना पन्नास उदाहरणं देऊन करून घेतली असती तर शंभर तक्रारी आल्या असत्या, इथे रविवारी स्वतःहून ऐंशी-नव्वद वजाबाक्या केल्या, आणि जिथे ६१७४ आलं नाही तिथे स्वतःच मागे जाऊन चूक शोधली. मला तपासायची गरजच नाही, उत्तर स्वतःच सांगतं चुकलंय म्हणून.

१६ जुलै, बुधवार

आज फसलं. परिमेय संख्यांची हाऊजी केली, तिकिटावर अपूर्णांक, मी उदाहरण बोलणार, उत्तर असेल त्याने खोडायचं. आवाज खूप झाला, मजाही आली असं वरवर वाटेल, पण पहिल्या पाच मिनिटांत तेच चार जण ओरडत होते आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून खोडत होते. ती हळू बोलणारी मुलगी तिकीट उलटं ठेवून बसली. वेगाचा खेळ म्हणजे ज्याला येतं त्याचा खेळ. गणित मजेशीर करायचं म्हणजे शर्यत लावायची असं बरेच जण समजतात, यूट्यूबवर सगळीकडे तेच, मीही समजत होते. घड्याळ काढून टाकलं. पुन्हा करायचं झालं तर जोडीने, आणि उत्तर कसं आलं ते सांगितल्याशिवाय खोडायचं नाही.

२२ जुलै, मंगळवार

ज्यांच्या पेटीतली पट्टी आली होती त्या आजोबांना वर्गात बोलावलं. वय ऐंशीच्या पुढे, शिक्षण चौथी. त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी धडाधड म्हणून दाखवली. मग औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. मुलं तोंड उघडं ठेवून बघत होती. "औट म्हणजे साडेतीन?" हो, "औट घटकेचं राज्य" म्हणतो ना आपण, ते साडेतीन घटकांचं. मलाही शाळेत कुणी हे जोडून दाखवलं नव्हतं.

मग ते पाढे अपूर्णांकात मांडले. पाऊणकीत बे पाऊण दीड, तर २ × ३/४ = ६/४ = ३/२. तीन पाऊण सव्वादोन, ३ × ३/४ = ९/४. जो मुलगा ९/४ बघून घाबरतो तो सव्वादोन ऐकून घाबरत नाही. आठवडाभर एवढंच केलं, एका बाजूला बोललेलं, दुसऱ्या बाजूला लिहिलेलं. आणि सव्वाशे, दीडशे, अडीचशे हे शब्द इंग्रजी माध्यमात गेलेल्या भावंडांना येत नाहीत असं मुलंच सांगत होती. फार मोठी ठेव आहे ही, आणि आपण ती पाठांतर पाठांतर म्हणून टाकून दिली. पाठांतर नुसतं वाईट नसतं, त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही ते वाईट.

जाता जाता आजोबा विटीदांडूचं मोजणं शिकवून गेले, वकट, लेंड, मूंड. तेलुगूत ओकटी, रेंडु, मूडु म्हणजे एक, दोन, तीन. गणिताशी फार संबंध नाही पण मधल्या सुट्टीत आता तेच चाललंय.

१ ऑगस्ट, शुक्रवार

कांदा ८.९ किलो. पण त्याआधी वाद. गोणीत दोन कांदे सडलेले, ते वजनात धरायचे का? एक बाजू म्हणे आहेत ना गोणीत, धरा. दुसरी बाजू, व्यापारी घेणार आहे का ते? बराच वेळ भांडू दिलं. शेवटी ठरलं की आपण "विकण्यासारखा माल" मोजतोय, सडका बाहेर. हे ८.९ त्याप्रमाणे. आपण नक्की काय मोजतोय हे आधी ठरवावं लागतं, आणि हे पुस्तकातल्या उदाहरणात कधी करावं लागत नाही कारण तिथे सगळं ठरवूनच दिलेलं असतं.

घट ११ टक्के. एकाने वेगळं केलं, जूनमध्ये ५ टक्के, जुलैत ९.५ मधून ०.६ म्हणजे ६.३ टक्के, बेरीज ११.३. मग ११ का नाही? मी उत्तर दिलं नाही. फळ्याच्या बाजूला लिहून ठेवलं, "११ का ११.३?" राहू दे तिथेच.

१२ ऑगस्ट, मंगळवार

क्षेत्रफळ. गुंठा सगळ्यांच्या तोंडात असतो पण गुंठा केवढा? कुणी म्हणे शाळेएवढा, कुणी घराएवढा. ३३ फूट बाय ३३ फूट. मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची, म्हणून. ग्राउंडवर दोरी आणि खुंट्या लावून खराखुरा गुंठा आखला, फक्की टाकली, सगळे २३ आत उभे राहिले तर केवढी जागा उरली. ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४३,५६०. आणि सातबाऱ्यावर गुंठा नसतो, हेक्टर-आर असतं, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून थोडा लहान. एका मुलीने घरी जाऊन सातबारा वाचून दाखवला आणि आजीला पहिल्यांदा समजलं की आपल्या नावावर नक्की किती आहे, असं तिने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. हे वाक्य मी तारीख ओलांडून इथेच जोडून ठेवतेय.

१३ ऑगस्ट, बुधवार

गुंठा डोक्यात ताजा असताना मुद्दाम हे घेतलं. तीन अंकी संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा. उलटी करा, मोठीतून लहान वजा करा. उत्तर पुन्हा उलटं करा, आता बेरीज करा. ७४२ − २४७ = ४९५, ४९५ + ५९४ = १०८९. एकेकाचं उत्तर यायला लागलं आणि कोपऱ्यातून आवाज आला, "मॅडम, गुंठा निघाला!" मग सगळीकडून गुंठा, गुंठा.

दोघांचा गुंठा निघेना. २२१ − १२२ = ९९, ९९ + ९९ = १९८. त्यांना वाटलं त्यांचं चुकलं. वर्गाने तपासलं, वजाबाकी बरोबर. मग एकाने विचारलं, बाकी सगळ्यांची वजाबाकी तीन अंकी आली, यांची दोनच का? तर ९९ ला ०९९ लिहून बघा. उलटं ९९०, बेरीज १०८९. पुढच्या शून्याला किंमत नसते असं आपण पहिलीपासून सांगतो, आणि इथे त्याची जागा सोडली तर गुंठाच हातातून जातो. स्थानिक किंमत यापेक्षा चांगली मला कधी शिकवता आली नव्हती.

का होतं ते अक्षरांनी केलं, १००अ + १०ब + क. वजाबाकी केली की ब निघून जातो आणि ९९ची पट उरते. सगळ्यांना नाही कळलं, सात-आठ जणांना कळलं, पण अक्षर कशाला लागतं ते मात्र सगळ्यांना कळलं, कारण सगळ्या संख्या एकेक करून बघायला कुणाला वेळ आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

१ तारखेला महालक्ष्म्यांची सुट्टी, म्हणून आज वजन. ८.१ किलो.

पालक भेटीत एक वडील म्हणाले, मॅडम पोरं शाळेत कांदेच मोजतात, ते तर घरीही मोजतात, परीक्षेत कांदा येणार का? मला राग नाही आला, त्यांची काळजी खरी आहे. त्यांना मुलाची वही दाखवली, एका बाजूला तोंडी अंदाज, एका बाजूला रीत. ते बराच वेळ बघत होते आणि मग पट्टीतलं एक गणित त्यांनी स्वतः करून पाहिलं, पेन्सिल मागून घेऊन. काही बोलले नाहीत. मीही अजून सांगू शकत नाही की मार्क वाढतील, प्रथम सत्राचा पेपर व्हायचाय.

११ सप्टेंबर, गुरुवार

शाळेमागे घरकुलाचं काम चालू आहे. गवंडीमामांना विचारून वर्ग तिकडे नेला. त्यांनी कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवली. "बसलं गुण्यात." म्हणजे काटकोनात. एवढंच बोलले. ९ अधिक १६ बरोबर २५ हे मुलांनी परत येऊन वहीत केलं. पायथागोरसचं प्रकरण पुस्तकात पुढे आहे, पण दोरी आज होती.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा. कांदा ७.२ किलो, म्हणजे २८ टक्के घट. गावात हाच प्रश्न चालू आहे, तेव्हा विकला असता तर बरं झालं असतं का. म्हणून वर्गापुढे तोच ठेवला. समजा जूनला भाव १२०० होता. आता किती भाव मिळाला तर ठेवलेल्याची बरोबरी होईल? चाळीचा खर्च, मजुरी सध्या सोडून द्या.

वीस जणांचं एकच उत्तर, माल २८ टक्क्यांनी कमी झाला, तर भाव २८ टक्क्यांनी वाढायला पाहिजे, १५३६. तोंडी अंदाजही तोच, वहीतही तोच, दोन्ही जुळले! आता माझा नियमच अडकला, कारण इथे तोंड आणि वही दोघंही एकाच खड्ड्यात.

म्हटलं विकून बघा. जूनला एक क्विंटल, १२०० रुपये. आज त्यातला ७२ किलो उरला, १५३६ ने विका. ११०६ रुपये. क्विंटलमागे ९४ रुपये गेले कुठे? पूर्ण वर्ग गप्प. मार्केटवाला मुलगा बोटं मोजत होता, मग म्हणाला, "मॅडम, घट शंभर किलोची धरली. भाव बहात्तर किलोवर मिळणार." पुन्हा म्हण म्हटलं. त्याने पुन्हा सांगितलं, यावेळी उभं राहून. मग १२०० भागिले ७२, गुणिले १००, १६६६ रुपये ६७ पैसे. म्हणजे माल २८ टक्के घटला तर भाव जवळजवळ ३९ टक्के चढायला हवा.

आणि ती हळू बोलणारी मुलगी उठली, फळ्याच्या बाजूला गेली, १ ऑगस्टपासून पडून असलेल्या "११ का ११.३?" वर बोट ठेवलं. "हे पण तेच आहे. सहा पॉइंट तीन टक्के साडेनऊ किलोचे आहेत, दहाचे नाहीत." दोन महिने ते तिच्या डोक्यात होतं. मी लगेच सांगून टाकलं असतं तर आज हा क्षण आला नसता.

आता वर्गात कुणीही टक्के म्हटलं की बाकीचे विचारतात, "कशाचे?" मला स्वतःलासुद्धा दोनदा विचारलंय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सत्र परीक्षा झाली, पेपर तपासले. गेल्या वर्षीपेक्षा बरं, पण फार उड्या नाहीत. पाच जण अजून भागाकारात अडतात, त्यांच्यासाठी काड्यांचे गठ्ठे घेऊन पुन्हा मागून सुरू करावं लागणार. एक फरक मात्र जवळजवळ प्रत्येक पेपरवर दिसला. समासात पेन्सिलीने अंदाज लिहिलेला. तीन ठिकाणी उत्तर काढून झाल्यावर अंदाजाशी जुळलं नाही म्हणून पुन्हा केलंय. पेपरात त्याला मार्क नाहीत. मी माझ्या वहीत त्याची वेगळी नोंद केली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीच्या आधी ठिपक्यांची रांगोळी. १५ ते ८, म्हणजे मधली ओळ १५ ची आणि दोन्हीकडे एकेक कमी होत ८ पर्यंत. रांगोळी घालायच्या आधी ठिपके किती ते सांगायचं. आज मुलींचा दिवस होता, मुलगे विचारत होते आणि मुली सांगत होत्या. ९ ते ५ ची आधी मोजली, ६१. मग १५ ते ८, १५ अधिक दोनदा ७७, म्हणजे १६९. कुणीतरी म्हणालं १६९ म्हणजे तेराचा वर्ग, मग हेच ठिपके तेरा बाय तेरा चौकोनातही बसतील. बसवले. व्हरांड्यात दोन्ही शेजारी शेजारी काढल्यात, षटकोन आणि चौकोन, सारखेच ठिपके. ९ ते ५ ची मात्र चौकोनात बसत नाही, त्यावर बराच वेळ गेला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टीनंतरचं वजन. निम्म्या कांद्यांना मोड आलेले, निवडून उरला ६ किलो. घट ४० टक्के. बरोबरीचा भाव २०००, हे आता कुणी वहीत सुद्धा केलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

गोणी खाली उतरवली, उरलेला कांदा पोषण आहारवाल्या ताईंना दिला. सगळ्या महिन्यांचा आलेख भिंतीवर लावला. मग मार्केटवाल्या मुलाने स्वतःच एक तक्ता फळ्यावर काढायला घेतला, मी सांगितलं नव्हतं. घट २० टक्के, भाव पाहिजे १५००. २५ टक्के, १६००. ५० टक्के, २४००. ७५ टक्के, ४८००. ९० टक्के, १२,०००. ९९ टक्के, १,२०,०००. पोरं प्रत्येक ओळीला आधी अंदाज ओरडत होती आणि नंतर नंतर कुणाचाच अंदाज पुरेना, भाव हाताबाहेर पळायला लागला. ९९.९ ला बारा लाख झाले.

मग त्याने खाली लिहिलं, १०० टक्के. आणि समोर काहीच लिहिलं नाही. १२०० भागिले शून्य असं मांडून खडू हातात धरून उभा राहिला. कुणी म्हणालं शून्य, कुणी म्हणालं बाराशेच, कुणी म्हणालं खूप मोठा, मोजताच न येणारा. तो मान हलवत होता, नाही म्हणून.

"मॅडम, चाळीत काहीच उरलं नाही, तर भाव कितीही असू दे ना. बरोबरी होणारच नाही."

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. तक्ता पुसला नाही, ती शेवटची जागा रिकामीच ठेवलीय, उद्या तिथूनच सुरू करायचं.